गाडगेबाबांचा खराटा रोज चालत होता

ध्येये ठरविण्यात आपला समाज मागे नाही. व्यसनमुक्ती, शिक्षण, अंधश्रद्धा निर्मूलन. जयंतीच्या मंचावरून सारे ठराव टाळ्यांच्या गजरात पास होतात. पण भाषण ठोकणाऱ्याचा मंगळवार-बुधवार कसा जातो, हे कोण विचारतो? अशा वेळी आम्हांस गाडगेबाबा आठवतात.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजात डेबूजी जन्मले. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. डेबू दापुऱ्यास मामाकडे गुरे राखीत, नांगर धरीत वाढला. पुढे मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण द्यायचे, तेव्हा त्याने गोडाचे जेवण घातले. जातभाई रुसले. दारूविरुद्धचे पहिले भाषण पंक्तीत वाढूनच केले म्हणा ना!

१९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे. त्यानंतरचा दिनक्रम जवळपास पन्नास वर्षे बदलला नाही. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा. ग्रामसभा नाही, उद्घाटन नाही. म्हातारा झाडतोय हे पाहून गावकरी ओशाळत आणि आपापले झाडू घेऊन बाहेर पडत. श्रम केल्यावरच भाकर मागायची, ती गाडग्यात घ्यायची. रात्री कीर्तन. तेही वऱ्हाडी बोलीत, समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत: नवसाचा बोकड, सणासाठी काढलेले कर्ज, दारू, शिवाशिव. उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत. कोणी पाया पडायला आला तर बाबा त्याला जवळ येऊ देत नसत. सकाळी पुढचे गाव.

बाबांना साक्षरता नव्हती, पण शाळा आणि वसतिगृहांसाठी पैसा उभा केला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र तेथे मुक्कामी राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मालकीची सवयच अंगाला लावून घेतली नव्हती, त्यामुळे देताना हात आखडला नाही.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यातून कित्येक गावांचे भले झाले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तपासणी समिती येण्याच्या आदल्या रात्री चकचकीत होणारी आणि बक्षीस मिळताच पुन्हा उकिरडा होणारी गावेही आम्ही पाहिली आहेत. खराट्याचा फोटो निघाला, खराटा कोपऱ्यात गेला. व्यसनमुक्तीचा ठराव मांडून सायंकाळी गुत्त्याची वाट धरणारा कार्यकर्ता याहून वेगळा आहे काय?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, आजारी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. मुक्कामाला पोहोचायचे राहून गेले.