करंजाच्या खाडीपलीकडून अमेरिकेपर्यंत : डॉ. आनंदीबाई जोशींना परदेशात काय सोसावं लागलं?

२६ फेब्रुवारी : स्मृतिदिन विशेष

उरण : करंजाहून तरीत बसलं की पलीकडे रेवस आणि पुढं अलिबाग. याच अलिबागला दीडशे वर्षांपूर्वी पोस्टातला एक कारकून बदली होऊन आला. सोबत लहान वयाची बायको. तो तिला रोज हट्टानं शिकवायचा. त्या काळात बाईनं पुस्तक हातात धरलं तरी लोक नावं ठेवायचे. ती मुलगी म्हणजे परदेशातून डॉक्टरकीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, डॉ. आनंदीबाई जोशी.

त्यांची पदवी सगळ्यांना माहीत आहे. पण अनोळखी देशात, थंडीत, एकटीनं दिवस कसे काढले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज पोरांना बाहेर शिकायला धाडणाऱ्या प्रत्येक घरानं ती वाचण्यासारखी आहे.

बाळ गेलं आणि निश्चय झाला

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, बालपण कल्याणात गेलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव जवळपास वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. शिक्षणाबाबत ते कमालीचे कडक होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला.

त्या काळी बाईमाणसं पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर मरायचं. आपण डॉक्टर व्हायचं, हा विचार आनंदीबाईंच्या मनात पक्का झाला.

दातांच्या डॉक्टरकडं वाचलेलं पत्र

गोपाळरावांनी १८८० मध्ये मदतीसाठी एका अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ख्रिस्ती व्हाल तर मदत करू, असं उत्तर आलं. दोघांनी नकार दिला. पण ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडं नंबर लागायची वाट बघत होत्या. तिथंच ते त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी थेट भारतात पत्र टाकलं. कधी भेट नाही, ओळख नाही, तरी पत्रांतून नातं जुळलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

तोवर गोपाळरावांची बदली बंगालमधल्या श्रीरामपूरला झाली होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी तिथं जाहीर भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातोय हे लोकांसमोर स्पष्ट सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. हे भाषण गाजलं आणि देशातून मदत येऊ लागली.

दोन महिने बोटीवर

७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून बोट सुटली. नोकरी आणि पैशाच्या अडचणीमुळं गोपाळराव मागंच राहिले. सोबत ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, पण घरचं माणूस एकही नाही. वय अवघं अठरा. त्या शाकाहारी, त्यामुळं बोटीवर जेवणाचे हाल झाले. ४ जूनला न्यूयॉर्क आलं. कार्पेंटर मावशींनी त्यांना लेकीसारखं घरी ठेवून घेतलं. पहिले काही महिने हाच मोठा आधार होता.

खरी परीक्षा खोलीत होती

त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. मावशींचं घर सुटलं आणि हाल सुरू झाले. राहायच्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडं गोठवणारी थंडी. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या अंगाला ते सोसवेना. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीनं नेसायला घेतली. देशी वेश मात्र सोडला नाही. मांसाहार करायचा नाही, हाही नेम पाळला.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना जीव लावला. पण मधेच घटसर्प झाला आणि तब्येत ढासळत गेली. गोपाळरावांची पत्रं यायची, त्यांत कधी धीर असायचा, तर कधी संशय आणि टोचून बोलणं. पत्राचं उत्तर यायला कित्येक आठवडे जात. मन मोकळं करावं तर मराठी बोलणारं जवळ कुणी नाही.

तरीही अभ्यास थांबला नाही. भारतातील प्राचीन प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्या समारंभाला गोपाळराव होतेच, पंडिता रमाबाईही आवर्जून आल्या होत्या.

परत आल्या, पण...

कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली होती. १६ नोव्हेंबर १८८६ ला त्या मुंबईत उतरल्या त्या क्षयानं पोखरलेल्या अवस्थेत. कोल्हापूरच्या खुर्चीवर त्यांना बसताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर मावशींकडं पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथं त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे.

आजच्या पालकांनी काय घ्यावं?

आज व्हिडिओ कॉल आहे, विमान आहे. तरी पोरगं बाहेर निघालं की घरात हिशेब होतो तो फीचा, तिकिटाचा आणि कर्जाच्या हप्त्याचा. राहायची खोली कशी आहे, थंडीचे कपडे पुरेसे आहेत का, पोटात काय जाणार, आजारी पडलं तर दार ठोठवावं असं कुणी जवळ आहे का, हे प्रश्न मागं राहतात. आनंदीबाईंची बुद्धी आणि जिद्द कुठंच कमी पडली नव्हती. कमी पडली ती ऊब आणि धडधाकट तब्येत.

म्हणून फोनवर मार्क विचारायच्या आधी जेवलास का, झोप होते का, अंगात ताप नाही ना, हे विचारा. जमलं तर तिकडं एखादी कार्पेंटर मावशी शोधून द्या.

डॉ. आनंदीबाई जोशी यांना स्मृतिदिनी विनम्र अभिवादन!