ख्रिस्तभक्त कवि नारायण वामन टिळक

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं आमच्या धर्मग्रामाच्या स्मरणिकेंत संतांचीं, मिशनरी धर्मगुरूंचीं आणि आमच्या श्रद्धाळू पूर्वजांचीं चरित्रें वाचकांस वाचावयास मिळतील, हें उचितच आहे. त्यांच्या पंक्तीस आम्ही आज अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों, कीं जो आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा सभासद कधींच नव्हता. तो प्रॉटेस्टंट मंडळींत पाळक होता. तथापि तो या रत्नागिरी जिल्ह्याच्या तांबड्या मातींत जन्मला, त्यानें प्रभु येशूवर जिवापाड प्रेम केलें, आणि तें प्रेम आपल्या हिंदु बांधवांपासून न तुटतां कसें करावें, याचा शोध त्यानें आयुष्यभर घेतला. कांहीं वाचकांस ही निवड चमत्कारिक वाटेल. त्यांस आमची एवढीच विनंति आहे, कीं त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आपलें मत ठरवावें.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव या खेड्यांत एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई मायाळू, भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. नारायणरावांच्या अंगीं पुढें जें काव्य आणि जी भक्ति दिसून आली, तिचें बीज आईच्या मांडीवरच पडलें असावें. परंतु हें छत्र त्यांस फार दिवस लाभलें नाहीं. ते लहान असतांनाच जानकीबाई निवर्तल्या. मातृवियोगानंतर मुलाचें मन घरांत रमेना. पुढें नाशिक येथें त्यांनीं संस्कृताचें चांगलें अध्ययन केलें. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धवट राहिलें.

सन १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले यांच्या कन्येशीं झाला. वधूचें वय अवघें अकरा वर्षांचें होतें. याच पुढें महाराष्ट्रास सुपरिचित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत. त्यांच्या वडिलांस सोंवळ्याचें विलक्षण वेड होतें, आणि त्या वेडापायीं सारें घर कसें गांजून गेलें होतें, याचें वर्णन त्यांनीं आपल्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत हंसत हंसत केलें आहे. अशा घरांतून ही मुलगी ज्या पतीच्या घरीं आली, तो पति कवि, उदार आणि तितकाच लहरी होता. आज या गांवीं शिक्षक, तर उद्यां त्या गांवीं पुराणिक, असें त्यांचें चाले. हातीं पैसा आला कीं तो गरजवंताच्या हातीं जाई. राग आला कीं घर दणाणे, आणि तो ओसरला कीं पश्चात्तापानें डोळे भरून येत. कित्येकदां कोणास कांहीं न सांगतां ते घर सोडून जात व घरच्यांनीं चिंतेंत दिवस काढावे. आम्ही हे दोष झांकीत नाहीं. कारण परमेश्वर आपलीं कामें निर्दोष माणसांकडूनच करवितो असें नाहीं, हें आपण पवित्र शास्त्रांत पाहतोंच.

या अस्थिरतेच्या मुळाशीं एक तळमळ होती. जातिभेदानें आणि निर्जीव कर्मकांडानें हा देश खिळखिळा झाला आहे व खऱ्या धर्मावांचून त्याचा उद्धार नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें होतें. ते नागपुरास आले, तेथें आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें वैदिक वाङ्मयाच्या संग्रहाचें काम करूं लागले, व 'ऋषि' नांवाचें मासिकही त्यांनीं चालविलें. एकच जगत्पिता आणि सर्व माणसें भावंडें, अशा पायावर एखादा नवा धर्म उभारावा, असेही विचार त्यांच्या मनांत घोळत होते.

अशा मनःस्थितींत १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां त्याच डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनीं या तरुण ब्राह्मणाशीं मोठ्या आदरानें संस्कृत काव्याविषयीं गोष्टी केल्या, आणि उतरतांना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली. दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतही त्यांनीं केलें. त्या गृहस्थांचें नांव टिळकांस पुढें कधींच कळलें नाहीं. टिळकांनीं ग्रंथ वाचण्याचें वचन दिलें होतें, म्हणून ते वाचूं लागले. डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच त्यांस तें पुस्तक खालीं ठेववेना. ज्या प्रश्नांनीं त्यांस वर्षानुवर्षें छळलें होतें, त्यांचीं उत्तरें तेथें मिळूं लागलीं. या प्रसंगांत आम्हांस एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी वाटते. त्या प्रवाशानें वाद घातला नाहीं, किंवा त्यांच्या धर्माची निंदाही केली नाहीं. त्यानें आधीं आदर दिला आणि मग ग्रंथ दिला.

निर्णय सोपा नव्हता. पत्नी, पुत्र, आप्त, ज्ञाति हीं सारीं एका बाजूस होतीं. शेवटीं ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं स्नानसंस्कार घेतला, आणि तोही हिंदी धर्मगुरूच्या हातून. ख्रिस्तास शरण जावयाचें, पण परक्यांचे मिंधे व्हावयाचें नाहीं, हा त्यांचा बाणा होता.

ही बातमी घरीं पोहोंचली तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. त्या जीव देतील या भीतीनें नातलगांनीं त्यांच्यावर पहारा ठेविला. पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. या काळांत लक्ष्मीबाई पंढरपुरासही राहिल्या. पुढें त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या. पण आपलें सोंवळें आणि आपला धर्म संभाळूनच. टिळकांनीं त्यांचें व्रत मोडलें नाहीं. वेगळी चूल, वेगळें पाणी, सारें कांहीं त्यांनीं चालूं दिलें. बाईंच्या मनांत मात्र विचार सुरू झाला, कीं ही उच्चनीचता देवानें निर्माण केली कीं माणसांनीं? एके दिवशीं त्यांस आंतूनच उत्तर मिळालें आणि त्यांनीं जातिभेद टाकून दिला. कालांतरानें, १९०० सालीं, त्यांनीं स्वखुशीनें स्नानसंस्कार घेतला. एकाच घरांत देवघर आणि शुभवर्तमान शेजारीं शेजारीं नांदलें, आणि ज्याचा त्याला देवाकडे जाण्यास अवधि मिळाला. श्रद्धा ही दान म्हणून स्वीकारतां येते, ती लादतां येत नाहीं, हें या दांपत्यानें आपल्या संसारांत शिकविलें.

अहमदनगरास टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयांत शिकवीत. १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुष्काळांत पोरकीं झालेलीं मुलें त्यांनीं आपल्या घरीं आणून वाढविलीं. १९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचें संपादनही त्यांजकडे होतें. मराठी काव्यांत तर फुलामुलांचे कवि म्हणून त्यांचें नांव अजरामर झालें आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवि, हे त्यांच्या घरीं घरच्या मुलाप्रमाणें राहिले. ठोमरे ख्रिस्ती नव्हते व पुढेंही झाले नाहींत. परंतु त्यामुळें त्या घरच्या मायेंत तिळभरही उणें पडलें नाहीं.

टिळकांचें सर्वांत मोठें कार्य उपासनेच्या भाषेविषयींचें आहे. त्यांच्या काळीं ख्रिस्ती मंदिरांतून बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें गाइलीं जात. टाळ, मृदंग आणि अभंग यांत वाढलेल्या माणसाचें अंतःकरण त्या सुरांनीं कसें हलावें? टिळकांनीं अभंग, ओवी आणि पदें यांत प्रभूचें भजन रचिलें. भजन आणि कीर्तन यांचा त्यांनीं हिरीरीनें पुरस्कार केला, व अशीं शेंकडों गीतें मागें ठेविलीं. आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं तुकोबांच्या पुलावरून आलों, असें ते उघडपणें सांगत. जुन्या करारानें जसें यहुद्यांस मशीहासाठीं तयार केलें, तसें संतांच्या वाणीनें आपणांस तयार केलें, ही त्यांची दृष्टि होती. ख्रिस्ती झाल्यानें आपले पूर्वज आणि आपला देश यांचा त्याग झाला, असें त्यांनीं कधींच मानलें नाहीं.

येथें आपल्या ख्रिस्तसभेंतील एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, मराठीच्या प्रेमांत पडले, आणि त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचिलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. परदेशीं धर्मगुरूनें पुराणाचा सांचा घेऊन जें काम आरंभिलें, तेंच काम तीनशें वर्षांनंतर एका कोंकणी ब्राह्मणानें पुढें नेलें. टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य हातीं घेतलें होतें. तें त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पुढें तें लक्ष्मीबाईंनीं, ज्यांस एके काळीं त्या नांवाचाही तिटकारा होता, मोठ्या निष्ठेनें लिहून काढलें.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनीं सर्वांत धाडसाचें पाऊल टाकिलें. १९१७ सालीं मिशनची नोकरी व वेतन सोडून, संन्यस्त वृत्तीनें, त्यांनीं सातारा येथें 'देवाचा दरबार' स्थापिला. स्नानसंस्कार झालेले आणि न झालेले, परंतु ख्रिस्तास गुरु मानणारे, अशा दोघांसही त्याचें द्वार मोकळें होतें. कित्येक हिंदु त्यांस बाटगा म्हणत आले होते. आतां कांहीं ख्रिस्ती बांधवही त्यांच्याकडे संशयानें पाहूं लागले. दोन्ही तीरांवरून दगड यावेत आणि माणसानें मधल्या पुलावर उभें राहावें, अशी ती स्थिति होती. या कार्यास त्यांस दोनच वर्षें मिळालीं. ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.

आतां आम्ही कॅथलिकांनीं या चरित्राकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर दरबाराची सारी कल्पना आम्हांस मान्य होण्यासारखी नाहीं. स्नानसंस्कार हें ख्रिस्तसभेचें द्वार आहे, आणि पवित्र संस्कारांवांचून शिष्यत्व अपुरें राहतें, अशी आमची श्रद्धा आहे. ही श्रद्धा झांकून ठेवून जो सलोखा होईल, तो सलोखा नव्हे, तें केवळ सौजन्याचें सोंग होय. स्वतः टिळकांनींही ख्रिस्ताविषयींची आपली निष्ठा कोणास बरें वाटावें म्हणून कधीं सौम्य केली नाहीं.

परंतु याबरोबरच दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६४ सालीं शिकविलें, कीं ज्यांचा यथाविधि स्नानसंस्कार झाला आहे ते विभक्त बंधूही प्रभूमध्यें आपले बंधूच होत. आणि ता. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रांत तिनें स्पष्ट केलें, कीं इतर धर्मांत जें सत्य आणि पवित्र आहे, त्यांतील कांहींही ख्रिस्तसभा नाकारीत नाहीं. करजगांवच्या या पुत्राच्या मृत्यूस तेव्हां शेंचाळीस वर्षें लोटलीं होतीं. जी गोष्ट त्यानें तुकोबांचे अभंग गातां गातां ओळखिली, ती पुढें साऱ्या जगाच्या धर्माध्यक्षांनीं एकत्र बसून शब्दांत मांडिली, हें पाहून आमचें मन नम्र होतें.

वाचकहो, आपण या कोंकणांत मूठभर आहों. आपलीं घरें हिंदु आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांस लागून आहेत. शिमग्याची पालखी आपल्या वाटेवरून जाते, अजानचा स्वर आपल्या कानीं पडतो, आणि नाताळचा फराळ आपण त्यांच्या घरीं पोहोंचवितों. परंतु ताटांची देवघेव होते तशी अंतःकरणाची देवघेव होते काय? शेजाऱ्याची प्रार्थना काय आहे, तो कोणत्या दुःखांत कोणाचें नांव घेतो, हें आपण त्यास कधीं विचारतों काय? आणि त्यानें आपल्यास येशूविषयीं विचारलें, तर त्यास समजेल अशा भाषेंत आणि आपल्या स्वतःच्या अनुभवानें सांगण्याजोगें आपल्याजवळ कांहीं आहे काय? ज्याची श्रद्धा उसनी असते, त्यास दुसऱ्याच्या श्रद्धेचें भय वाटतें. ज्याची श्रद्धा स्वतःची असते, त्यास दार उघडें ठेवितां येतें. टिळकांच्या चरित्राचें सार आम्हांस असें दिसतें.

ज्युबिली म्हणजे गतकाळाबद्दल उपकारस्तुति आणि पुढच्या काळासाठीं संकल्प. आमच्या धर्मग्रामानें या वर्षीं एवढा एक संकल्प करावा, कीं प्रत्येक कुटुंबानें एका परधर्मी शेजाऱ्याच्या घरीं केवळ ऐकण्यासाठीं म्हणून जावें, आणि परत येऊन त्या घराचें नांव घेऊन रात्रीच्या रोझरींत प्रार्थना करावी. जो प्रभु एका आगगाडीच्या डब्यांत एका थकलेल्या वाटसरूस भेटला, तो आपल्या उंबरठ्यावरही भेटेल. पवित्र मारिया माता आपल्या सर्वांसाठीं विनंति करो, आणि या जिल्ह्याच्या या ख्रिस्तभक्त पुत्रास परमेश्वर चिरशांति देवो. आमेन.