चौदाव्या दिवसाची भूक : अहल्याबाई होळकर यांची खासगी

मरणानंतर आपल्या मिळकतीचें काय व्हावें, हा विचार आमच्या व्यापारी बंधूंच्या मनांत येत नसेल असें नाहीं. परंतु तो बहुधा मुलांच्या सुबुद्धीवर सोंपवून ते मोकळे होतात. हयातींत हात सैल सोडणारा गृहस्थ नांदेडास व लातुरास हव्या त्या पेठेंत आढळेल. आडतीच्या हिशेबांत धर्मादाय म्हणून कांहीं बाजूस काढण्याची चाल या प्रांतीं जुनी आहे, आणि लग्नकार्यांत वाढपी थकेपर्यंत पंगती उठविण्याची तर त्याहूनहि जुनी. परंतु दाता वारला कीं तेराव्याच्या पंगती उठतात, आणि त्यांबरोबर त्याचा दानधर्महि उठतो. गरिबाची भूक मात्र चौदाव्या दिवशींहि लागतेच. यास्तव ज्यांनीं आपली खासगी दौलत हयातींतच दानधर्मासाठीं बांधून ठेविली, त्या अहल्याबाई होळकर यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अहल्याबाई आम्हांस परक्या नव्हत. नांदेडचा मनुष्य औंढा नागनाथास जातो आणि लातूरचा परळी वैजनाथास जातो, तेव्हां दोघेहि त्यांनीं जीर्णोद्धार केलेल्या देवळांतच उभे असतात. त्यांचें जन्मगांव चौंडी हें मराठवाड्याच्या शिवेस लागून असलेल्या जामखेड तालुक्यांत, सध्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरीं ३१ मे १७२५ रोजीं त्यांचा जन्म झाला. धनगर पाटलाची ही मुलगी मल्हारराव होळकरांनीं आपला एकुलता एक मुलगा खंडेराव यास करून घेतली. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव तोफेच्या गोळ्यानें पडले. अहल्याबाई सती जावयास निघाल्या. मल्हाररावांनीं काकुळतीस येऊन त्यांस परत फिरविलें. रूढीच्या अभिमान्यांनीं या एका गोष्टीचा नीट विचार करावा. त्या दिवशीं ती चिता पेटली असती, तर पुढें ज्या अन्नछत्रांच्या चुली पेटल्या त्यांपैकीं एकहि पेटली नसती.

मल्हाररावांनीं सुनेस घरांत कोंडून ठेविलें नाहीं. हिशेब, वसुली, फौजेची तरतूद हीं सर्व कामें त्यांनीं तिच्यावर सोंपविलीं. १७६६ सालीं ते वारले आणि पुढच्याच वर्षीं बाईंचा मुलगा मालेराव गेला. वारस नसलेली विधवा म्हणजे लुटावयास मोकळें घर, असा समज तेव्हांहि होता व आजहि आहे. दिवाण गंगाधर यशवंत यांनीं राघोबादादांस हाताशीं धरून दौलतीवर डोळा ठेविला. बाई डगमगल्या नाहींत. त्यांनीं आपल्या बाजूनें सरदार उभे केले, माधवराव पेशव्यांचें पाठबळ मिळविलें, फौजेचा भार तुकोजी होळकरांकडे दिला आणि महेश्वरीं राहून १७९५ पर्यंत कारभार केला.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. होळकरांच्या घरीं पैशाच्या वाटा दोन होत्या. एक सरकारी दौलतीची, दुसरी खासगीची. १७३४ सालीं पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें खासगीची वेगळी जहागीर झाली. सासूमागून ती सुनेकडे आली. आमच्या प्रांतावर निजामाचा अंमल असतां सर्फे-खास नांवाचा जो खासगी मुलूख असे, त्यावरून वाचकांस तिची कल्पना येईल. सर्फे-खासचें उत्पन्न राजाच्या स्वतःच्या खर्चाचें. खासगीचें उत्पन्न बाईंनीं धर्मकार्यास लाविलें. मध्य हिंदुस्थानचा वृत्तांत लिहिणारा इंग्रज अधिकारी जॉन मालकम यानें नमूद केलें आहे कीं, हातीं आलेला खजिना बाईंनीं विधिपूर्वक दानास अर्पण केला. राघोबादादांनीं या पैशाची मागणी केली तेव्हां बाईंनीं उलट कळविलें कीं, द्रव्य दान झालें आहे, ब्राह्मण या नात्यानें संकल्पाचें उदक सोडून घ्यावयाचें असेल तर खुशाल न्यावें, असें सांगतात. या आख्यायिकेंतील मर्म व्यापाऱ्यांस सहज कळेल. जी रक्कम एकदां दुसऱ्याच्या खातीं जमा झाली, ती मागणाऱ्यास देण्याचा हक्क धन्यासहि राहात नाहीं. दान मनांत योजून ठेवणें निराळें आणि तें खात्यांतून बाजूस काढणें निराळें.

काशी, गया, सोमनाथ येथील देवळांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. तिचा विस्तार आम्ही करीत नाहीं. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती मालकमनें दिलेली रोजच्या कामांची हकीकत. बाईंच्या दारीं गरिबांस दररोज अन्न मिळे, आणि ठराविक सणांस अगदीं खालच्या मानलेल्या जातींच्या लोकांसहि जेवण घालीत. उन्हाळ्यांत वाटसरूंस पाणी देण्यासाठीं रस्त्यांवर माणसें बसविलेलीं असत. थंडी सुरू होतांच अशक्त व वृद्ध यांस वस्त्रें वांटीत. शेतकरी पाखरांस हाकून लावितात म्हणून त्यांनीं उभ्या पिकाचीं शेतेंच विकत घेऊन पाखरांस मोकळीं केलीं. दूरच्या क्षेत्रीं नेमलेल्या संस्थांस दरसाल ठराविक रक्कम जात असे. त्यांच्या दानांत देवस्थानें व ब्राह्मण यांचा वांटा मोठा होता हें आम्ही झांकीत नाहीं. काळच तसा होता. परंतु त्या काळींहि त्यांची पंगत जातीच्या कुंपणाशीं थांबली नाहीं, आणि आजच्या दात्यानें त्यांच्यापासून उचलावयाचें तें हेंच.

त्यांचा शेवट सुखाचा झाला नाहीं. मुलीचा मुलगा नथ्याबा तरुणपणीं गेला, १७९१ सालीं जांवई यशवंतराव फणसे वारले, आणि मुलगी मुक्ताबाई आईनें विनविलें असतांहि सती गेली. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं बाईंनीं देह ठेविला तेव्हां पोटचें असें कोणीहि मागें नव्हतें. ज्यांनीं आपला दानधर्म मुलांवर सोंपविला आहे त्यांनीं हा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. बाईंचा दानधर्म वारसांवर अवलंबून नव्हता, म्हणून तो त्यांच्यामागें उरला.

परंतु बांधून ठेविलेल्या ठेवीसहि राखणदार लागतो. १९४८ सालीं होळकरांचें संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. खासगीचें उत्पन्न सरकारजमा होऊन त्याबद्दल या धर्मकार्यांसाठीं दरसाल सुमारें २ लाख ९२ हजार रुपये देण्याचें ठरलें. त्या वेळीं ही रक्कम मोठी होती. पण धान्याचा भाव वाढतो आणि बांधलेला आंकडा वाढत नाहीं, हें पेठेंतल्या दिवाणजीस सांगावयास नको. पुढें १९६२ सालीं खासगी ट्रस्ट स्थापन झाला. हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या मिळकतींच्या विक्रीवरून तंटा माजला, २०२० सालीं इंदूरच्या उच्च न्यायालयानें व २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत निकाल दिले, आणि हा ट्रस्ट सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं येतो असें ठरलें. म्हणजे धर्मार्थ मिळकतीवर बाहेरची नजर असावी हें ठरावयास साठ वर्षें लागलीं.

या सर्वांतून आमच्या शहरांनीं काय घ्यावें? नांदेडास हुजूर साहिबाचें लंगर डोळ्यांसमोर आहे. १७०८ सालीं येथें देह ठेवण्यापूर्वीं गुरु गोविंदसिंगांनीं तें चालू ठेवण्याची आज्ञा केली अशी परंपरा आहे. त्या पंगतींत जात विचारीत नाहींत. पण सगळ्या भुकेचा भार एका गुरुद्वारावर टाकणें शहरास शोभत नाहीं. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांस आठवतो. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. असा दुष्काळ पुन्हां येईल. तेव्हां वर्गणीची यादी घेऊन दारोदार फिरण्यापेक्षां आधींच बांधून ठेविलेलें उत्पन्न हातीं असणें शहाणपणाचें.

मार्ग अवघड नाहीं. हिंदु गृहस्थास स्वतःच्या मिळकतीचें व एकत्र कुटुंबांतील आपल्या हिश्शाचें मृत्युपत्र करितां येतें. मुसलमान गृहस्थास वारसांच्या संमतीवांचून एक तृतीयांशापर्यंत करितां येतें. कागदावर आपली सही व दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्या; नोंदणी सक्तीची नाहीं, परंतु ती केल्यानें पुढचे तंटे पुष्कळ टळतात. रोकड ठेवण्यापेक्षां भाड्याचें दुकान किंवा गोदाम ठेवावें, म्हणजे भावाबरोबर उत्पन्नहि चढेल. संस्था धर्मादाय आयुक्ताकडे नोंदलेली असावी, तिचे हिशेब दरसाल तपासले जावे, आणि विश्वस्तांत घरच्यांपेक्षां बाहेरचे अधिक असावे. जेवण कोणास द्यावयाचें हेंहि स्पष्ट लिहावें: सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर बसलेले खेड्यांतील रोग्यांचे नातलग, मोंढ्यांतील हमालांचीं मुलें, शिकण्यासाठीं लातुरास येऊन एक वेळ जेवणारे विद्यार्थी, मागें कोणी नसलेले म्हातारे. जातीची अट एकाहि ओळींत नसावी.

मुलांचा वांटा काढूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. चार मुलगे असतील तर भुकेलेला हा पांचवा समजावा, आणि त्याचा हिस्सा थोडा कां होईना, पण कागदावर लिहावा, एवढेंच आमचें मागणें आहे. दिवाळीच्या पाडव्यास नवी वही उघडतांना पहिल्या पानावर श्री लिहिण्याची आमची रीत आहे. येत्या पाडव्यास त्याच वहींत या पांचव्याचें खातें उघडावें, आणि वर्ष संपण्यापूर्वीं वकिलाकडे जाऊन तें कायम करावें.