लंडन सोडून बर्लिन

दिवाळीच्या आठवडाभर आधी माझी भाची एक फुलस्केप कागद घेऊन आमच्याकडे आली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी. पुढे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायचा आणि त्यातच पीएच.डी. करायची, हे तिचे कधीचेच ठरले आहे. ठरत नव्हते ते एवढेच, की अर्ज कुठे कुठे करायचे. कागदावर चौदा नावे होती. बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, जर्मनीतल्या कॉन्स्टान्झची माक्स प्लांक संस्था, अमेरिकेतली कॉर्नेल आणि डेव्हिस, अशी मोठमोठी नावे. कुठे हा विषय जीवशास्त्रात मोडतो, कुठे मानसशास्त्रात, तर कुठे परिसरशास्त्रात. शिवाय अमेरिकेतल्या एकेका अर्जाची फी आपल्या आठ-दहा हजार रुपयांच्या घरात जाते. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतात. त्यांचा हिशेब सरळ होता. पैसा एकदाच घालायचा आहे, तर ज्याचे नाव सर्वांत मोठे तिथेच घालावा.

बापाच्या जागी उभे राहून पाहिले तर यात चूक काहीच नाही. पण हाच हिशेब तरुणपणी मी केला होता. एका नामांकित संस्थेत संशोधनाला जागा मिळाली म्हणून आम्ही चाळीत पेढे वाटले. तिथे कोण कशावर काम करतो, आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, याची मी साधी चौकशीही केली नव्हती. दोन वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगातले उंदीर मोजले आणि मुकाट्याने परत येऊन कॉलेजात शिकवू लागलो. संस्था खरोखरच चांगली होती. माझ्यासाठी ती नव्हती, एवढेच.

ही हकीकत भाचीला सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. त्याऐवजी मी तिला सलीम अलींची गोष्ट सांगितली. पक्षितज्ज्ञ सलीम अली सर्वांना ठाऊक आहेत. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो, त्यातला शेवटचा दिवस हा त्यांचा जन्मदिवस. मी सांगितली ती मात्र शिकायला कुठे जावे, या प्रश्नाशी अर्धे आयुष्य झटलेल्या माणसाची गोष्ट होती.

सलीम अलींचा जन्म १८९६ सालचा, मुंबईतला. घर सुलेमानी बोहरा समाजातले, आणि भावंडांत हे सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हाती लवकरच छर्‍याची बंदूक आली. एके दिवशी त्या बंदुकीने एक चिमणी पडली. पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. साहेबाने त्या बुजऱ्या पोराला हाकलून दिले नाही. पक्षी ओळखून दिला, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. सलीम अलींची पहिली शाळा कोणती, तर ही.

खऱ्या शाळेत मात्र आनंदच होता. डोकेदुखीने हैराण, मध्येच हवापालटासाठी सिंधमध्ये रवानगी, आणि १९१३ साली कशीबशी पदरात पडलेली मॅट्रिक. सेंट झेवियर्स कॉलेजात पाऊल टाकले, पण पहिल्याच वर्षी गणिताशी जुळेना आणि कॉलेज सुटले. मग घरच्या धंद्यात लक्ष घालायला ब्रह्मदेशात तावॉयला गेले. वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकूड असा तो धंदा. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच जीव जास्त रमला, हे निराळे सांगायला नको. १९१७ मध्ये परत आल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीस धरली. तिथे दैव आडवे आले ते फादर ब्लॅटर यांच्या रूपाने. झेवियर्समधल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ पाद्र्याने मुलाचा खरा ओढा ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी दावरमध्ये जमाखर्च, त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असे दिवस गेले. अभ्यासक्रम पुरा झाला, पण विद्यापीठाची पदवी काही हाती आली नाही. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी लग्न झाले.

ही न मिळालेली पदवी पुढे नडली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा निघाली होती, पण पदवी नाही म्हणून ती हुकली. माझ्या मेहुण्यांनी इथे मान डोलावली, आणि ती योग्यच होती. कागदाला किंमत असते.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभाग नव्याने उघडला होता. तिथे येणाऱ्यांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांना मिळाली. पगार महिना ३५० रुपये. त्या काळी हा आकडा लहान नव्हता. पण दोनच वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की आपण जे सांगतो आहोत ते आपल्यालाच पुरते येत नाही. तिशी उलटलेल्या, संसारी माणसाने शिकण्यासाठी रजा घेतली.

आता जायचे कुठे? इंग्रजांचे राज्य होते, तेव्हा विलायत म्हणजे लंडन. तिथल्या ब्रिटिश म्युझियमकडे हिंदुस्थानी पक्ष्यांचा मोठा खजिना होता. ॲलन ह्यूम या सनदी अधिकाऱ्याने जमवलेला प्रचंड संग्रह १८८५ सालीच तिकडे गेला होता. भाषा येत होती, राज्यकर्त्यांची मोहोर मिळाली असती. नावाचाच विचार करायचा तर लंडनपुढे दुसरे गाव नव्हते.

सलीम अली गेले बर्लिनला. तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान नावाचे पक्षितज्ज्ञ होते. वयाने सलीम अलींपेक्षा अवघ्या सात वर्षांनी मोठे. त्या काळी पक्षिशास्त्र म्हणजे बहुधा मेलेल्या पक्ष्यांची कातडी मोजून त्यांना नावे देण्याचे शास्त्र होते. तेही काम श्ट्रेझेमान उत्तम करीत. पण पक्ष्याचे शरीर चालते कसे, तो स्थलांतर का करतो, वागतो कसा, हे सारे पक्षिशास्त्रातच आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे उत्क्रांतिशास्त्रात मोठे नाव मिळवणारे अर्न्स्ट मायर हे त्यांचेच विद्यार्थी.

ही निवड सुखासुखी झाली नाही. सलीम अलींना अभ्यासासाठी जो संग्रह मिळाला, तो जे. के. स्टॅनफर्ड या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशात जमवलेला होता. विलायतेतले क्लॉड टाइसहर्स्ट हे या विषयातले वजनदार गृहस्थ. हे काम एका हिंदी माणसाकडे जावे आणि त्यात एका जर्मनाने मदत करावी, हे त्यांना मुळीच रुचले नाही. त्यांनी सोसायटीकडे तशी पत्रे धाडली. सोसायटीतले स्पेन्स आणि प्रेटर हेही इंग्रज नावांचेच, पण ते बधले नाहीत. त्यांनी सलीम अलींना बर्लिनला जाण्याचेच बळ दिले.

बर्लिनमध्ये काय मिळाले? पदवी नाही मिळाली. मिळाली माणसे. ऑस्कर हाइनरोथ तिथेच भेटले. या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने आपल्या राहत्या घरात अंड्यातून निघालेली शेकडो पिल्ले हाताने वाढवली आणि त्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या. प्राण्यांच्या वर्तनाचे जे शास्त्र शिकायला माझी भाची निघाली आहे, त्याच्या आद्य पुरुषांत हाइनरोथ यांची गणना होते. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलांड बेटावर जाऊन सलीम अली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे तंत्रही शिकून आले. चेंपकरामन पिल्लई यांच्यासारख्या क्रांतिकारकाचीही बर्लिनमध्येच ओळख झाली.

आणि १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो नोकरी गेलेली! पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केली होती. एवढे शिकून आलेला माणूस चौतिसाव्या वर्षी बेकार. माझे मेहुणे इथे पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. मीही ते नाकारले नाही. चांगला गुरू मिळाला म्हणजे पोटाचा प्रश्न सुटतो, असे या गोष्टीत कुठेच लिहिलेले नाही.

नवरा-बायको मुंबई सोडून अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. समुद्रकाठचे गाव, नारळ-पोफळी, आणि घराजवळच सुगरणींची वसाहत. पावसाळ्यात त्यांची विणीची धांदल उडाली आणि बेकार सलीम अली तासन्‌तास ती पाहत बसले. बर्लिनमध्ये डोळ्यांना जे वळण लागले होते, ते इथे कामी आले. सुगरण हे नाव आपण बाईमाणसाचे ठेवले, बहिणाबाईंच्या कवितेने तिचा खोपा घराघरांत नेला. पण खोपा विणणारा असतो नर. हे पूर्वीही माहीत होते. सलीम अलींनी पाहिले ते त्यापुढचे. नर अर्धा खोपा विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीला तो पसंत पडला, की नर बोगद्यासारखी लांब नळी विणून तो पुरा करतो. मादी अंडी घालून बसली, की हे महाशय शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा विणायला घेतात आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतात. एकाच मोसमात एकामागून एक संसार. हा क्रम त्यांनी बारकाईने टिपला आणि १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापला. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. अंगणात बसून केलेले हे काम आजही वर्तनाच्या अभ्यासात आदराने घेतले जाते.

पुढे त्यांनी संस्थानांच्या दारात जाऊन पक्ष्यांची पाहणी करण्याची कामे मिळवली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी ती भटकंती. हैदराबादला तर नुसता खर्च द्या, मेहनताना नको, असाच त्यांचा प्रस्ताव होता. रानातल्या मुक्कामांत तेहमिना बरोबर असत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली बहिणीच्या घरी राहायला आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी कामालाच वाहिले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेले दहा खंड १९६४ ते १९७४ या काळात पुरे झाले, तेव्हा त्यांचे वय ७८ च्या घरात होते. १९७६ मध्ये पद्मविभूषण आले, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईतच त्यांनी देह ठेवला.

आणि ती हुकलेली पदवी? अलिगढने १९५८ मध्ये, दिल्लीने १९७३ मध्ये आणि आंध्र विद्यापीठाने १९७८ मध्ये त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली. पण मला त्याहून मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. स्वतः पदवी न घेतलेल्या या माणसाने पुढे विद्यार्थ्यांना एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शन केले. त्यांतले पहिले विजयकुमार आंबेडकर. त्यांनी विषय कोणता घेतला असेल? सुगरणच! बर्लिनमधून किहीमला आलेला प्रश्न असा पुढच्या पिढीच्या हातात गेला.

गोष्ट संपल्यावर माझी हकीकतही मी सांगून टाकली. मेहुणे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच कागद पुढे ओढला आणि प्रत्येक संस्थेच्या नावासमोर दोन रकाने आखले. एकात माणसाचे नाव लिहायचे, दुसऱ्यात प्रश्न. जिथे दोन्ही रकाने भरता येणार नाहीत ते नाव खोडायचे. मग त्यांनी स्वतःचा तिसरा रकाना काढला, विद्यावेतनाचा. निवृत्त होणाऱ्या माणसाला तो अधिकार आहे. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुधा विद्यावेतन मिळते, नुसत्या मास्टर्सला सहसा नाही, हे त्यांना तिथेच कळले आणि तेवढ्यानेच दोन नावे गेली.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने संशोधकांचे निबंध वाचले आणि त्यांना पत्रे धाडली. एका फार मोठ्या नावाकडून उत्तरच आले नाही. एका लहानशा विभागातल्या बाईंनी दोन दिवसांत लांबलचक उत्तर पाठवले, आणि तिच्या पत्रातली एक चूकही दाखवून दिली. ते पत्र तिने आम्हा सगळ्यांना वाचून दाखवले, चुकीसकट. मिलार्डसाहेबांनी उघडलेले खण मला तेव्हा आठवले. चौदांची पाच नावे उरली. त्यांत देशातली दोन आहेत. उरलेल्या तीनपैकी एकाचे नाव मेहुण्यांना अजून नीट उच्चारता येत नाही.

भाऊबीज आटोपून आम्ही गावी गेलो. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यातले जुने खोपे अजून लोंबत होते. काही नळीपर्यंत पुरे विणलेले, काही अर्धेच सोडलेले. माद्यांनी नापसंत केलेले ते. भाची बराच वेळ मान वर करून उभी होती. मग तिने पिशवीतून तोच फुलस्केप काढला, त्याची कोरी बाजू वर केली आणि मोजायला लागली: पुरे किती, अर्धे किती, कोणत्या फांदीवर.