गावची पत उभारणारा पुरुष : फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझन

आपल्या खेड्यांत ‘सोसायटी’ हा शब्द ज्याने ऐकला नाही असा मनुष्य विरळा. पेरणीच्या दिवसांत बियाण्याकरिता व खताकरिता शेतकऱ्याचे पाय तिच्याच दाराकडे वळतात. परंतु ह्या संस्थेचे बीज प्रथम कोठे पडले, कोणी पेरले व कोणत्या संकटात पेरले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून ज्या सद्गृहस्थाच्या खटपटीतून हे काम उगवले, त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझन ह्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी जर्मनीत, जीग नदीच्या काठी असलेल्या हाम नामक गावी झाला. तो मुलूख डोंगराळ, जमीन हलकी, हवा थंड. नऊ भावंडांत ते सातवे होते. मुले लहान असतानाच घरचा सर्व भार आईवर पडला. पुढील शिक्षणास पैसा नव्हता. तेव्हा गावचे पाळक झाइपेल ह्यांनी त्यांस आपल्याजवळ बसवून शिकविले. आईची भक्ती व ह्या पाळकांची शिकवण ह्या दोन गोष्टी त्यांस जन्मभर पुरल्या. वयाच्या सतराव्या वर्षी ते तोफखान्यात शिपाई झाले व तेथे त्यांची चांगली बढती होत होती. परंतु डोळ्यांस विकार जडल्यामुळे १८४३ साली त्यांस लष्कर सोडावे लागले. मग ते मुलकी नोकरीत शिरले. १८४५ साली वायरबुश येथे आसपासच्या अनेक लहान खेड्यांचे बर्गमास्टर, म्हणजे सरकारी कारभारी, म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी एमिली श्टॉर्क हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढच्याच वर्षी संकट आले. बटाट्यावर रोग पडला, धान्यही बुडाले, आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्या खेड्यांवर उपासमार ओढवली. सरकारने पीठ पाठविले, पण ते रोख पैसे देणाऱ्यासच द्यावे असा हुकूम होता. ज्याच्या घरी खावयास नाही त्याच्या गाठी रोकड कोठून असणार? रायफायझन ह्यांनी नोकरीची भीड न धरता गरिबांकडून परतफेडीचा लेख घेऊन पीठ उधार वाटले. नंतर त्यांनी गावातील खात्यापित्या लोकांकडून वर्गणी जमविली, धान्य खरेदी केले, गावची भट्टी बांधली, आणि भाकरी बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त दराने व उधारीवर देण्याची व्यवस्था केली. ह्या मंडळीस ‘वायरबुशची भाकरी मंडळी’ असे नाव पडले. शिवाय गावचा माल ऱ्हाइन नदीकाठच्या बाजारापर्यंत जावा म्हणून त्यांनी रस्त्याचे काम हाती घेतले. तो रस्ता आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दुष्काळ सरला, पण दारिद्र्य सरले नाही. १८४८ साली रायफायझन ह्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली, तेव्हा ह्या दारिद्र्याचे मूळ त्यांच्या नजरेस आले. शेतकऱ्याच्या गोठ्यातील गाय पुष्कळदा व्यापाऱ्याची असे. चारा शेतकऱ्याने घालावा, शेण त्याने काढावे, आणि मोठा लाभ मात्र व्यापाऱ्याने न्यावा, असा तो व्यवहार होता. एकदा कर्ज काढले की व्याज फेडता फेडता जमीन जाई. आपल्या इकडील वाचकांस हे निराळे समजावून सांगणे नलगे. १८४९ साली त्यांनी तेथे सुमारे साठ सधन गृहस्थांस एकत्र करून एक साह्यकारी मंडळी स्थापिली. ह्या गृहस्थांनी आपली मालमत्ता तारण म्हणून पुढे केली, त्या जोरावर पैसा उभारला, गुरे खरेदी केली व ती शेतकऱ्यांस पाच वर्षांच्या हप्त्यांनी दिली. अशा रीतीने गाय खरोखर शेतकऱ्याच्या मालकीची होऊ लागली.

१८५२ साली ते नॉयवीड शहराजवळील हेडेसडोर्फ येथे गेले व १८५४ साली तेथेही त्यांनी एक धर्मादाय मंडळी काढली. निराधार मुलांची काळजी घेणे, तुरुंगातून सुटलेल्यांस काम देणे, शेतकऱ्यांस कर्ज देणे, अशी अनेक कामे तिने अंगावर घेतली. येथे रायफायझन ह्यांची खरी परीक्षा झाली. श्रीमंतांनी गरिबांकरिता जामीन राहावे, हा शेजारधर्म आहे, असा त्यांचा दृढ विश्वास होता. परंतु वर्षामागून वर्ष जाऊ लागले तशी ज्यांस कर्जाची गरज नव्हती त्यांची आस्था मंदावली व ते बाजूस होऊ लागले. इतर कामे गळून पडली व एक कर्जाचेच काम शिल्लक राहिले. दयेवर चालविलेली संस्था दया आटली म्हणजे आटते, हे सत्य त्यांस स्वीकारणे जड गेले. पण त्यांनी ते स्वीकारले. १८६४ साली त्यांनी जुनी मंडळी मोडून ‘कर्जपेढी मंडळी’ उभी केली. जो कर्ज मागेल त्याने स्वतः सभासद झाले पाहिजे व इतरांबरोबर जबाबदारीही उचलली पाहिजे, असा नवा नियम झाला. दान घेणारा मनुष्य ह्या दिवसापासून भागीदार झाला. आमच्या मते रायफायझन ह्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट हीच होय.

ह्या पेढ्यांचे नियम साधे होते, पण त्यांत मोठे शहाणपण होते. पेढीचे क्षेत्र एका गावापुरते किंवा एका मंडळीच्या टापूपुरते असावे. कारण कोण कष्टाळू आहे व कोण उधळ्या, हे शेजाऱ्यास जितके कळते तितके दूरच्या सावकारास कळत नाही. सर्व सभासद सर्व कर्जास आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी जबाबदार असावेत. एकट्याची पत कवडीची असली तरी साऱ्या गावाच्या पतीवर लोक विश्वासाने ठेवी ठेवतात. कर्ज उपयोगी कामासच द्यावे, व ते त्याच कामी लागले की नाही हे पंचांनी पाहावे. परतफेडीस मुदत बेताची नव्हे, पुरेशी असावी, कारण शेत व गाय आपल्या वेळीच फळ देतात. पंचांनी वेतन घेऊ नये. हिशेब ठेवणाऱ्यास मात्र मेहनताना द्यावा. आणि नफा वाटून न घेता गंगाजळीत टाकावा, म्हणजे पुढच्या पिढीसही आधार राहील.

ह्याच काळात हेर्मान शुल्झ नावाचे दुसरे एक गृहस्थ डेलिच शहरी सुतार, चांभार व लहान दुकानदार ह्यांकरिता अशाच मंडळ्या काढीत होते. एकत्र कच्चा माल घेणे व एकमेकांच्या जामिनावर कर्ज काढणे, ही त्यांची रीत होती. दोघांचा हेतू एकच, पण मार्गांविषयी त्यांच्यात तीव्र वाद झाला. शुल्झ ह्यांस लांब मुदतीची कर्जे व भागभांडवलावाचून चालणाऱ्या पेढ्या धोक्याच्या वाटत. रायफायझन ह्यांनी १८७२ साली गावोगावच्या पेढ्यांची मिळून एक मध्यवर्ती पेढी नॉयवीड येथे काढली होती. तिच्या रचनेवर कायद्याचे आक्षेप आले व ती मोडावी लागली. तेव्हा १८७६ साली त्यांनी निराळ्या रूपात पुन्हा मध्यवर्ती पेढी स्थापिली. एका गावी पैसा पडून राहतो व दुसऱ्या गावी अडचण असते. ही देवघेव अशा पेढीवाचून होऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

हे सर्व काम त्यांनी सुखात बसून केले असे वाचकांनी समजू नये. १८६३ साली त्यांची पत्नी वारली. त्यांची स्वतःची प्रकृती ढासळली, दृष्टी जवळजवळ गेली, व १८६५ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांस नोकरी सोडावी लागली. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. लोकांस भांडवल मिळवून देणाऱ्या ह्या पुरुषाने पोटासाठी स्वतः प्रथम सिगारचा लहान कारखाना व मग द्राक्षमद्याचा व्यापार केला. त्यांची कन्या अमालिया त्यांचे डोळे झाली. तिने त्यांची पत्रे वाचावी व त्यांनी सांगावे ते लिहावे. १८६६ साली त्यांनी कर्जपेढ्यांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते वाचून दूरदूरची खेडी त्यांचा सल्ला मागू लागली. ११ मार्च १८८८ रोजी नॉयवीड येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या चारशेहून अधिक मंडळ्या चालू होत्या.

हे बीज आपल्या देशी कसे आले तेही सांगितले पाहिजे. रायफायझन जर्मनीत खटपट करीत होते त्याच काळी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांवर उठाव करून कर्जरोखे जाळले. रोखे जाळल्याने राग शमतो, पण पुढच्या पेरणीस बी मिळत नाही. पुढे मद्रास सरकारच्या आज्ञेवरून फ्रेडरिक निकल्सन ह्यांनी युरोपातील पेढ्यांची पाहणी केली व १८९५ आणि १८९७ साली दोन भागांत अहवाल देऊन रायफायझन ह्यांचाच मार्ग ह्या देशास हितकर म्हणून सुचविला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात खेड्यातील संस्थांकरिता अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व घेतले होते. १९०५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे पतसंस्था सुरू झाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या गावागावांत सोसायट्या पसरल्या. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने सहकाराच्या ह्या कल्पनेस मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता आमचे एकच सांगणे आहे. सोसायटीचा पैसा म्हणजे सरकारचा पैसा, तो बुडविला तरी कोणाचे काही जात नाही, असे बोलणारे लोक आढळतात. ज्याने पेढी काढली त्याच्या दृष्टीने तो शेजाऱ्याच्या घामाचा पैसा होता. तो बुडविणारा शेजाऱ्याचीच गाय सोडून नेतो. तसेच पंच निवडताना नातेगोते व गटबाजी पाहणारे गाव आपल्याच गंगाजळीस भोक पाडते. रायफायझन ह्यांनी गावास नवा पैसा आणून दिला नाही. गावात जो विश्वास विखुरलेला होता तो त्यांनी एके ठिकाणी बांधला. पुढच्या वार्षिक सभेस आपण जाल तेव्हा हिशेबाचे पान शांतपणे वाचावे, न समजेल ते विचारावे, व आपला हप्ता वेळेवर भरावा. असे करणारा प्रत्येक सभासद त्या जवळजवळ अंध झालेल्या बर्गमास्टरचे काम पुढे चालवीत आहे.