बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ - १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील थोर गायक नट होते. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत त्या काळात त्यांनी अनेक नायिका रंगविल्या. त्यांच्या गायकीइतकाच त्यांच्या वेशभूषेचा व केशभूषेचा प्रभाव तत्कालीन मराठी समाजावर पडला. राजहंस घराण्याचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे होय.

पार्श्वभूमी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर या नाटकाचा प्रयोग केला. तेव्हापासून सांगली हे नाटककारांचे व नटांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर या दोघांच्या नायिका पुढे बालगंधर्वांनी अजरामर केल्या. साताऱ्याचे जुने नाव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीत बाळाभाऊ जोग हे गणपतराव जोशी यांच्यासमोर नायिकेची कामे करीत. स्त्रीपार्टी नटांची ही परंपरा बालगंधर्वांच्या आधीपासून अशी रुजलेली होती.

बालपण व पदार्पण

लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व हे नाव दिले, आणि तेच पुढे रूढ झाले. भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. भाऊराव कोल्हटकर यांचे १९०१ साली निधन झाल्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीला तोलामोलाची नायिका उरली नव्हती. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांच्या पाठिंब्याने बालगंधर्व या मंडळीत दाखल झाले. १९०५ साली मिरज येथे संगीत शाकुंतल नाटकात शकुंतलेच्या भूमिकेतून त्यांनी पदार्पण केले. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षांचे होते.

कारकीर्द

१२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या संगीत मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द करण्याचा विचार मंडळीत होता. परंतु जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून बालगंधर्व भामिनीचा साज चढवून रंगमंचावर उभे राहिले. त्यांच्या कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आजही सांगितला जातो. १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. १९१६ सालच्या स्वयंवर नाटकातील रुक्मिणी आणि १९१९ साली बडोद्यात प्रथम सादर झालेल्या राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला नाटकातील सिंधू या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिका होत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी संयुक्त मानापमानाचा प्रयोग केला.

वेशभूषा व केशभूषा

सोंग नीटनेटके उभे राहावे एवढीच तत्कालीन मंडळ्यांची अपेक्षा असे. बालगंधर्वांनी रंगपटाकडे कलेचे अंग म्हणून पाहिले. भरजरी शालू, पैठण्या, शेले, अस्सल दागिने व उंची अत्तरे यांवर मंडळीचा मोठा खर्च होई. नऊवारी लुगड्याचा घोळ, खांद्यावरून घेतलेला शेला, नाकातील नथ, अंबाड्याची ठेवण आणि त्याभोवती माळलेला गजरा हे सर्व भूमिकेच्या वयाला, दर्जाला व मनःस्थितीला अनुसरून ठरत असे. गणिका वसंतसेना व राजकन्या रुक्मिणी यांचा साज एकसारखा नसे. सिंधूच्या भूमिकेत तर हा सगळा थाट बाजूला ठेवून ते फाटक्या लुगड्यात जात्यावर दळावयास बसत, आणि तो साधेपणाही प्रेक्षकांच्या मनावर तितकाच ठसे.

नाटक पाहून घरी परतलेल्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांच्याप्रमाणे लुगडे नेसू लागल्या व केसांत गजरे माळू लागल्या. नित्योपयोगी वस्तूंच्या जाहिरातींवर त्यांची छायाचित्रे झळकू लागली. ज्या समाजाने स्त्रीला रंगमंच नाकारला होता, त्याच समाजातील स्त्रियांनी प्रसाधनाचा आदर्श रंगमंचावरील एका पुरुषाकडून घेतला, ही त्या काळातील लक्षणीय विसंगती होय.

कर्ज व उत्तरायुष्य

या वैभवाची किंमत मोठी होती. नेपथ्य, कपडेपट, तबलावादक अहमदजान थिरकवा व सारंगीवादक कादरबक्ष यांच्यासारखे नामवंत साथीदार आणि मोठा कुटुंबकबिला यांमुळे उत्पन्न भरपूर असूनही मंडळी कर्जात बुडाली. हे कर्ज फेडण्यासाठी बालगंधर्वांनी अनेक वर्षे प्रयोग केले. मात्र प्रयोगाच्या दर्जात काटकसर करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

बोलपटांचे युग आल्यावर त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या धर्मात्मा (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. बाबूराव पेंटर दिग्दर्शित साध्वी मीराबाई (१९३७) या चित्रपटात ते मीरेच्या भूमिकेत दिसले. दूरच्या आसनावरून मोहक वाटणारे सोंग कॅमेऱ्याच्या जवळच्या दृष्टीला मानवले नाही. तोपर्यंत त्यांनी वयाची पन्नाशी जवळ केली होती, आणि स्त्रिया स्वतःच नायिकेची कामे करू लागल्या होत्या. गंधर्व नाटक मंडळीतही गायिका गोहरबाई कर्नाटकी यांनी नायिकेच्या भूमिका केल्या. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या निधनानंतर १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. या संबंधामुळे त्यांना समाजाचा व आप्तांचा रोष पत्करावा लागला. अखेरच्या वर्षांत पाय निकामी झाल्याने त्यांचे चालणे थांबले. १९६४ साली गोहरबाईंचे निधन झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी बालगंधर्वांचा पुण्यात मृत्यू झाला.

सन्मान व स्मृती

बालगंधर्वांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९६४ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हस्ते झाले. मात्र २६ जून १९६८ रोजी झालेले उद्घाटन पाहण्यास ते हयात नव्हते. ज्या मिरजेत त्यांनी प्रथम तोंडाला रंग लावला, तेथील नाट्यगृहासही त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जीवनावरील बालगंधर्व हा मराठी चित्रपट २०११ साली प्रदर्शित झाला. त्यात सुबोध भावे यांनी प्रमुख भूमिका केली.

प्रमुख भूमिका

शाकुंतल - शकुंतला
सौभद्र - सुभद्रा
मृच्छकटिक - वसंतसेना
शारदा - शारदा
मानापमान - भामिनी
विद्याहरण - देवयानी
संशयकल्लोळ - रेवती
स्वयंवर - रुक्मिणी
एकच प्याला - सिंधू
द्रौपदी - द्रौपदी
कान्होपात्रा - कान्होपात्रा