तीन तास हिमवादळात

न्यूयॉर्कचा फिफ्थ ॲव्हेन्यू म्हणजे श्रीमंतांचा रस्ता. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी मात्र त्याच्यावर हिमवादळाचे राज्य होते. अशा हवेत एकोणतीस वर्षांचा एक तरुण पस्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर हातात लहानसा कॅमेरा घेऊन उभा होता. त्याच्याच सांगण्यानुसार, चांगले तीन तास! समोरून बर्फ तुडवत घोड्यांची गाडी आली. गाडीवानाचा चाबूक उगारलेला, पुढे चाकोऱ्यांनी चिरलेला बर्फ आणि मागे पांढऱ्या धुक्यात विरत गेलेल्या इमारती. सगळे मनासारखे जुळले तेव्हाच त्याने कळ दाबली. ‘विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू’ या नावाने ते चित्र जगाला ठाऊक झाले. तो तरुण म्हणजे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ.

या शहराला हिमवादळाचे भय नवे नव्हते. मार्च १८८८ च्या वादळाने ईशान्य अमेरिकेत चारशेहून अधिक बळी घेतले होते, त्यांतले सुमारे दोनशे एकट्या न्यूयॉर्कमधले. तारांचे खांब कोसळले, आगगाड्या वाटेतच रुतल्या. पुढे तारा जमिनीखाली गेल्या आणि १९०४ मध्ये भुयारी रेल्वेही धावू लागली, त्यामागे त्या दिवसांची आठवण होती. त्या वादळाचे फोटो आजही पाहायला मिळतात. त्यांत बर्फाचे डोंगर दिसतात, पण थंडी वाजत नाही. स्टीग्लिट्झ तेव्हा जर्मनीत होता. पाच वर्षांनी आलेल्या लहान वादळाचे त्याचे चित्र पाहताना मात्र आपण नकळत शाल ओढून घेतो.

त्याचा जन्म १ जानेवारी १८६४ चा, न्यू जर्सीतल्या होबोकनचा. वडील जर्मनीहून आलेले ज्यू, लोकरीच्या व्यापारात पैसा मिळवलेले. १८८१ मध्ये त्यांनी कुटुंब जर्मनीला नेले. मुलाने इंजिनियर व्हावे म्हणून त्याला बर्लिनला घातले. तिथे फोगेल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या वर्गात त्याला छायाचित्रणाचे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही. १८९० मध्ये तो न्यूयॉर्कला परतला. चित्रांचे ठसे करण्याच्या धंद्यात भागीदारी मिळाली, पण मन रमेना.

वादळातली ती निगेटिव्ह त्याने सोबत्यांना दाखवली, तेव्हा ते हसले. अस्पष्ट आहे, टाकून दे म्हणाले, असे तो पुढे सांगत असे. त्याने ती टाकली नाही. बाजूचा बराच भाग कापून उभी चौकट साधली आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून, कागदावर छाप घेतले. त्या शाईच्या मऊ, मातकट छटांत बर्फालाही ऊब आणि खोली आली.

प्रश्न एका चित्राचा नव्हताच. यंत्राने काढलेली वस्तू कला म्हणावी का, हा होता. त्यासाठी त्याने १९०३ मध्ये ‘कॅमेरा वर्क’ हे देखणे त्रैमासिक काढले, १९०५ मध्ये २९१ फिफ्थ ॲव्हेन्यूवर छोटे दालन उघडले. रोदँ, मातीस, पिकासो यांची कामे तिथे अमेरिकेला दिसली. त्रैमासिकाचे एकूण पन्नास क्रमांक निघाले. १९१७ मध्ये ते बंद पडले तेव्हा वर्गणीदार चाळीसही उरले नव्हते. माझे निम्मे आयुष्य बँकेत गेले. असा ताळेबंद टेबलावर आला असता तर कर्जाचा अर्ज मी बिनदिक्कत नामंजूर केला असता!

या हट्टाची किंमत घरानेही मोजली. पत्नी एमेलिन मद्य गाळणाऱ्या संपन्न घराण्यातली; तिच्या पैशांवर संसार चाले, पण दोघांची मने जुळली नाहीत. १९१८ मध्ये तो चित्रकार जॉर्जिया ओ’कीफसाठी घराबाहेर पडला, १९२४ मध्ये त्यांनी लग्न केले. एकुलती मुलगी किटी बाळंतपणानंतर मानसिक आजाराने खचली आणि तिचे उरलेले आयुष्य रुग्णालयात गेले. घोडागाडीसाठी तीन तास थांबणाऱ्या माणसाला घरच्यांसाठी तेवढे थांबणे जमले नाही, असे वाटून मन खट्टू होते.

त्याच १९२४ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयाने त्याची २७ छायाचित्रे कलाकृती म्हणून स्वीकारली. त्यासाठी पुढाकार घेणारे होते तिथल्या भारतीय कलाविभागाचे प्रमुख आनंद कुमारस्वामी! नटराजाच्या मूर्तीचा अर्थ पाश्चात्यांना उलगडून सांगणाऱ्या या जाणकाराला यंत्रामागचा माणूसही दिसला.

१३ जुलै १९४६ रोजी स्टीग्लिट्झ गेला. ओ’कीफने त्याची रक्षा लेक जॉर्जच्या काठी एका झाडाच्या पायथ्याशी पुरली. घोड्यांच्या गाड्या त्याच्या देखतच रस्त्यावरून नाहीशा झाल्या होत्या. त्या चित्रातला गाडीवान कोण, कुठला, आपल्याला माहीत नाही. त्याला दिवसाची मजुरी करून घरी पोचायचे होते, इतके मात्र त्याच्या उगारलेल्या हातावरून कळते.